आयर्वेन प्रॉसरचा वकील

आयर्वेन प्रॉसर आमच्या वेल्श खोऱ्यात बस चालवते. तिचा राग सगळ्या पेंटवीन गावाच्या परिचयाचा आहे. दारात खिसे चाचपत उभं राहणाऱ्याला ती म्हणणार, "आत ये की बाबा, तुझी वरात मागून येतेय का?" पण एखादं म्हातारं माणूस चढावरून धापा टाकत येताना दिसलं, तर वेळापत्रक गेलं खड्ड्यात. ती थांबणार म्हणजे थांबणार. तिचं भाड्याचं घर आणि माझं घर यांत एकच भिंत. ती चिडली की माझ्या फडताळातल्या बशा किणकिणतात.

बावन्न वर्षांची होईपर्यंत ती भाड्यानेच राहिली. भिंतीला ओल आली की मालकाला फोन, मालकाचं "बघतो", आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तीच ओल. मग आमच्याच रांगेतलं टोकाचं घर विकायला निघालं. ते ऑल्वेन आंटीचं. आंटीचे गुडघे गेले होते, आणि लेक तिला स्विंडनला नेणार होती. आंटीने आयर्वेनला हाक मारून सांगितलं, "तूच घे गं. परक्याने माझा परसातला रूबार्ब उपटलेला मला बघवणार नाही." त्या घराच्या मागे थेट डोंगर, आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात ऊन. बँकेने कर्ज मंजूर करायची तयारी दाखवली. अर्जात वकिलाचं नाव तेवढं 'नंतर कळवू' म्हणून राहिलं.

घरांचा दलाल होता गेथिन. टोकदार बूट घालणारा, तिशीतला.

"वकील आमच्याकडचाच घ्या," तो म्हणाला. "बँकेला चालतो. सगळं फोनवर होतं."

"बसतो कुठे हा वकील?"

"एकटा नाहीये तो. मोठी फर्म आहे, टीम काम बघते."

"मला घर घ्यायचंय, रग्बी नाही खेळायची. आणि तुला त्यात किती सुटतात रे?"

गेथिन कानापर्यंत लाल झाला. तिथून ती तडक हॉवेल्स वकिलांकडे गेली.

इद्वाल हॉवेल्स यांची कचेरी औषधाच्या दुकानावर, एक जिना चढून. आयर्वेनच्या बापाची फुप्फुसं खाणीच्या धुळीने गेली, तेव्हा खाणवाल्यांशी सात वर्षं भांडून भरपाई मिळवून दिली ती याच माणसाने. गावात कोणाचं मृत्युपत्र असो नाहीतर घटस्फोट, हॉवेल्सच्या हातात दिलं की लोक निर्धास्त झोपायचे. तिने घराचं सांगितलं तेव्हा ते जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "करू की, पोरी."

काम सुरू झालं. घराखाली जुन्या खाणीचे बोगदे आहेत का, रांगेमागच्या गल्लीवर हक्क कोणाचा, सगळं हॉवेल्सनी बारकाईने काढलं. आयर्वेन पडद्यांची मापं घेऊन आली. आणि एके दुपारी डेपोत तिला बँकेतल्या बाईचा फोन आला. मी शेजारीच उभा होतो. मीही तिथेच बसगाड्या दुरुस्त करतो.

"तुम्ही कळवलेले वकील आमच्या पॅनेलवर नाहीत."

"म्हणजे ते वकील नाहीत?"

"वकील आहेत. पण कर्जावर घर घेताना वकील तुमच्याबरोबर आमचंही काम बघतो, घरावर आमचा बोजा नोंदवतो. त्यामुळे तो आम्ही मान्य केलेलाच लागतो. नाहीतर आम्ही आमचा वेगळा नेमू, त्याची फी तुम्हाला पडेल. तुमच्या वकिलांची वेगळी."

"आणि हे आधी सांगायला तुमचं तोंड कोणी शिवलं होतं?"

"माहितीपत्रकात आहे ते, मॅडम."

"माहितीपत्रकात! तुमच्यासमोर मी तासभर बसले होते. माझा रक्तगट सोडून सगळं विचारलंत!"

पाळी संपल्यावर ती गणवेशातच हॉवेल्सचा जिना चढली. मी मागोमाग गेलो, काही फेकाफेक झाली तर धरायला कोणीतरी हवं म्हणून.

"तुम्हाला माहीत होतं?"

हॉवेल्सनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "होतं. दोन वर्षांपूर्वी यादीतून नाव काढलं माझं. एकट्या वकिलाच्या कचेऱ्या नको झाल्यात त्यांना. वर्षाला पुरेशी कामं झाली नाहीत की खोडतात. माझ्या हातून कधी काही चुकलं नव्हतं, पोरी."

"तुमची चूक विचारलीय मी?"

"वाटलं, एवढ्या एका कामापुरती परवानगी मागू. पूर्वी द्यायचे."

"मागितलीत?"

"मागितली. नाही म्हणाले."

"कधी?"

त्यांनी चष्मा पुन्हा उचलून पुसला. "तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे! मी रोज तुमच्या खिडकीखालून बस नेते. रोज! खिडकी उघडून ओरडला असतात तरी पुरे होतं. तुमचा मान राखायला माझं घर पणाला लावलंत?"

"लाज वाटली गं. तुझ्या बापाचं काम मी..."

"बापाचं नाव काढायचं नाही! बापाच्या विश्वासावर अजून किती वर्षं जेवणार आहात?"

हॉवेल्सचे डोळे भरून आले. मला त्यांची कीव आली, तिला आली नाही. माझं चुकलं की तिचं, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून जेवणाच्या सुट्टीत ती बँकेच्या यादीतल्या वकिलांना फोन लावू लागली. प्रत्येकाला एकच प्रश्न, "माझं काम कोण बघणार, त्या माणसाचं नाव सांगा." बरेच जण नाव सांगेनात. शेवटी पाँटिप्रिथमधली डेलिथ मेचन नावाची बाई स्वतः फोनवर आली आणि आधी तिनेच विचारलं, "कर्ज कुठल्या बँकेचं? थांबा, त्यांच्या पॅनेलवर आम्ही अजून आहोत ना, ते बघून घेते."

आयर्वेनने तोंडावर हात दाबून धरला. रागाने रडणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "एवढंच होतं रे," ती मला म्हणाली. "एवढंच कोणीतरी विचारायचं होतं."

हॉवेल्सनी सगळे कागद त्याच दिवशी पाठवले, फी घेतली नाही. तरी डेलिथकडे ओळखीच्या कागदपत्रांपासून पुन्हा सुरुवात झाली, त्यात आठवडे गेले. तेवढ्यात कार्डिफचा एक माणूस रोख पैसे घेऊन आला. त्याला ना कर्ज हवं होतं, ना बँकेचा वकील. आमच्याकडे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत दिल्या शब्दाला कायद्यात किंमत नसते, आणि आंटीच्या लेकीला घाई होती. घर त्याला गेलं.

"लेकीपुढे माझं चालत नाही गं," म्हणून आंटी दारात रडत बसली. तिच्यावर आयर्वेनने आवाज चढवला नाही. तिच्या कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरून दिल्या आणि घरी आली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो.

महिन्याभराने गेथिनचा फोन. नव्या मालकाला ते घर भाड्याने द्यायचं होतं. "तुम्हाला आवडलं होतं ना, म्हणून म्हटलं आधी तुम्हालाच विचारावं."

तिने काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही. माझी एक बशी फुटली.

मग ती पुन्हा एकदा हॉवेल्सकडे गेली. मला बरोबर घेतलं नाही. पण त्या आठवड्यात कचेरीच्या खालच्या दारावर हॉवेल्सच्या वळणदार अक्षरातला कागद लागला. कोणत्या बँकांच्या गृहकर्जाचं काम आपल्याला करता येत नाही, त्यांची नावं, आणि खाली, 'वकील ठरवण्याआधी बँकेला विचारा.' येणारेजाणारे तो वाचायचे. हॉवेल्स वरून बघत असतील. पण कागद त्यांनी काढला नाही.

पुढल्या वसंतात आयर्वेनने खोऱ्याच्या पलीकडच्या उतारावर घर घेतलं. लहान आहे, मागे अंगण नाही, दुपारनंतर अंधारून येतं. काम डेलिथने केलं, चोख. गृहप्रवेशाला आम्ही सगळे गेलो, वेल्श केक खाल्ले. कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे आता आयर्वेन, झालं ना घर?"

"झालं," ती म्हणाली. "पण 'जाऊ दे' म्हणणाऱ्यांनी एकदा चार वाजता या घरात बसून दाखवा, दिवा न लावता."