अर्ध्या बाटलीचा शिरका

भुईगावात कुणाकडे लग्न निघालं की आधी फादरना कळतं, मग मला. वाईन कुठली घ्यायची हे विचारायला सगळे माझ्याकडे येतात आणि उंबऱ्यावरूनच म्हणतात, "काकी, बोल पटकन." मीही बोलते. पापलेट असेल तर सोव्हिन्यों ब्लां घ्या. कोळंबीला नाशिकची शेनिन, तिला पिकल्या पेरूचा वास असतो. मटणाला शिराझ. आणि नुसता गुलाबी रंग बघून बाटली उचलू नका, डोकं धरून बसाल.

लग्नानंतर बरीच वर्षं आम्हा नवराबायकोला वाईन म्हणजे नाताळला घरी केलेली, काळ्या द्राक्षांची नाहीतर जांभळांची, एवढीच ठाऊक. तो रिटायर झाला आणि आम्ही दरवर्षी नाशिक-दिंडोरीकडे जायला लागलो, एकदा सोलापूरकडेही. रविवारी चर्चमधून, मिस्साहून आलं की एक बाटली उघडायची. चव मला आधी कळायची, शब्द त्याला आधी सुचायचे. कोवळ्या शिराझला तो म्हणायचा, "ही अजून शाळेत आहे." त्यावरून आम्ही भांडायचो, आणि भांडता भांडता बाटली संपायची.

त्याला जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी कॅनडात असते. उघडलेली वाईन फ्रिजमध्ये फार तर तीन-चार दिवस टिकते आणि माझ्या एकटीच्याने दोन पेल्यांपुढे जात नाही. न चाखता सल्ला द्यायला मी काही ज्योतिषी नाही, म्हणून बाटली उघडावी तर लागतेच. उरलेली मी शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या बरणीत ओतते. बरणी सासूबाईंची, त्या तिच्यात ताडीचा शिरका करायच्या. आता तिच्यात शेनिन, शिराझ सगळ्या एकत्र नांदतात. पहिल्या वर्षी तळ जेमतेम झाकला होता, यंदा बरणी काठोकाठ आली. खरं सांगते, मला ती बघवत नाही.

परवा गावच्या चर्चचा सण झाला. दिराचा मुलगा बायकोला घेऊन जेवायला आला. मी त्याच शिरक्यात डुकराच्या मटणाचं इंद्याल केलं होतं. शेनिन गार करून ठेवली होती, पण त्यांना अजून तीन घरी जायचं होतं, म्हणून ती उघडायची राहिली. पुतण्याने बोटं चाटली.

"काकी, शिरका कुठला गं? नाव सांग ना, आम्ही पण आणतो."

"तो विकत मिळत नाही," मी म्हटलं. "मी एकटी वाईन पिते आणि जी उरते, तिचा होतो. तुम्ही घटकाभर बसत असता तर झालाच नसता."

दोघंही खळखळून हसले. "काकीची मस्करी म्हणजे ना!" सून म्हणाली.

माझ्याकडे रिकाम्या बाटल्यांची काही वानवा नाही. जाताना पुतण्याने त्यांतल्या दोन शिरक्याने भरून नेल्या. बरणीत आता पुन्हा जागा झाली आहे.