चौथी डांडी

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एका अनोळखी माणसाबद्दल लिहायला बसलो आहे, चुकलं तर माफ करा.

मोहाडीच्या बाजारात तो मोबाइल दुरुस्त करत बसायचा. बटणांचा एक जुना फोन त्याच्या मांडीशी चार्जिंगला असायचा. पडद्यावर बॅटरीच्या चारपैकी तीन डांड्या भरल्या की तो पिन हळूच काढायचा, जसं झोपलेल्या लेकराच्या हातातून खेळणं काढावं.

"काका, पूर्ण भरू द्या ना," मी एकदा म्हटलं.

"गळ्यापर्यंत खाऊ घातलं तं बॅटरी लवकर म्हातारी होते, बाबू. अन् पुरी उपाशीबी ठेवाची नाही. अशी आता कुठंच भेटत नाही."

मग त्यानं बटण दाबलं. फोनातून एक बाई हळदीचं गाणं म्हणत होती, मध्येच हसत होती.

"माही बायको. आता नाही. हे दुसऱ्या फोनात उतरत नाही."

ते हसू ऐकताना बाजाराचा गलका पाण्याखालून आल्यासारखा वाटला.

परवा त्याच्या शेजारच्या भाजीवालीकडून कळलं. लेकीच्या हळदीला त्यानं चौथी डांडी भरू दिली, फोन मांडवात ठेवला आणि बंद पडेपर्यंत तिच्या आईला गाऊ दिलं.