बाहेर जाणारा बाण

भावाला वर्तुळाकार गती मी शिकवली. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात या गोष्टीचा पुढे जो उपयोग केला गेला, त्याचा राग माझ्या डोक्यातून आजही उतरलेला नाही.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. बाबा सरकारी ऑफिसात, आम्ही तात्यापाऱ्यात भाड्यानं राहायचो. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, नवं राज्य आहे, आता इंजिनिअर लागतील, सरकारी कॉलेजात सीट मिळाली की पोरगं मार्गी लागलं. भाऊ माझ्याहून वर्षानं लहान. पण दहावीत मला कावीळ झाली, वर्ष वाया गेलं, अन् दोघं एकाच वर्गात आलो. मला ती सीट हवी होती. इतकी, की बारावी सुरू व्हायच्या आधीच मी बाबांकडे क्लाससाठी हट्ट धरला. बाबा म्हणाले, क्लास कोणालेच नाही, दोघं मिळून करा. मला वाईट वाटलं, पण पटलं. कोणालाच नाही म्हणजे कोणालाच नाही.

मग रोज संध्याकाळी आईच्या शिलाई मशीनवर पाट टाकून आमची शाळा भरायची. मी मराठीत शिकवायची, तो हिंदीत उत्तरं द्यायचा. पोट्टा बाकी बरा, पण वर्तुळ आलं की त्याची गाडी अडायची. दोरीला बांधलेला दगड असो की वळणावरची मोटार, हा आधी बाहेर जाणारा बाण काढणार. मोटारसायकल वळली की आपण बाहेर फेकलो जातो ना, मग बाहेरचं बल नको का, हा त्याचा मुद्दा. मी लाल पेनानं तो बाण खोडायची. जमिनीवर उभं राहून पाहा, म्हणायची. आत कोण खेचतंय तेवढं शोध. दोरीचा ताण आहे, टायरचं घर्षण आहे, बाहेर ढकलणारं कोणीच नाही. वळणावर बाहेरच्या कडेनं उचललेल्या रस्त्याचं गणित तर मी त्याला पाच संध्याकाळी शिकवलं. रस्त्याच्या रेट्याचे दोन भाग करायचे, उभा भाग वजन पेलतो, आडवा भाग गाडी वळवतो, दोन्ही समीकरणांचा भागाकार केला की उत्तर. माझा स्वतःचा अभ्यास मी त्याच्यानंतर करायची.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी त्यानं तेच गणित सोडवलं, अन् पुन्हा बाहेर जाणारा बाण. मी कपाळाला हात लावला आणि खोडायला लागले. तो म्हणाला, आधी उत्तर बघ. उत्तर बरोबर होतं. रस्त्याच्या रेट्याला त्यानं हातच लावला नव्हता. वजन आणि तो बाहेरचा बाण, दोघांचे उताराच्या रेषेतले भाग काढून सरळ बरोबरीत ठेवले होते. एका ओळीत काम फत्ते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं, वा रे पठ्ठ्या, स्वतःच्या डोक्यानं काढलंस! हे सुचलं कसं, असं मी विचारलं. तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "सर बोलते हैं ना, गाड़ी के अंदर बैठ के देखो. तब बाहर वाला बल लगाना पड़ता है."

"कोणते सर?"

त्याचा पेन थांबला. आमच्या शाळेतल्या सरांनी हे शिकवलेलं नव्हतं, मी त्याच वर्गात बसत होते.

मग एकेक करून सगळं निघालं. रोज सकाळी रॅकेट घेऊन जो बॅडमिंटनला म्हणून निघायचा, तो खरं तर चौबे कॉलनीत क्लासला जायचा. जुलैपासून. रॅकेट बाहेर सायकललाच अडकवून ठेवायचा. आई त्याला भिजवलेले चणे द्यायची, खेळून येतो बिचारा, म्हणून. मी त्यातले दोन उचलले तर हातावर चापटी मारायची.

मी स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती. ती खोटं बोलली नाही, उलट तिला सुटल्यासारखं वाटलं असावं. दोघांना धाडणं जमत नव्हतं, म्हणाली, अन् तू हुशार आहेस, तुझं तसंही होऊन जाते.

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू त्याले शिकवलं असतं का?"

शिकवलं असतं, आई. भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, अन् तिसऱ्या दिवशी पाटावर वही मांडून शिकवलं असतं. पोटच्या पोरीला तू एवढंही ओळखू नयेस? पण हे मी बोलले नाही. मी गच्चीवर निघून गेले. बाबांना म्हटलं, उरलेले दोन महिने तरी मला धाडा. ते म्हणाले, आता बॅच संपत आली, आता काय जाऊन करशील?

परीक्षा झाली, भावाचं नाव सरकारी कॉलेजच्या यादीत लागलं. माझं थोडक्यात हुकलं. मी बीएससीचा फॉर्म भरला.

रविवारी बाबांच्या ऑफिसातले लोक घरी आले. पेढ्यांचं ताट माझ्याच हातात दिलं होतं. कोणीतरी क्लासचं विचारलं. बाबा म्हणाले, क्लास-ब्लास काही नाही जी, दोघं एकाच टेबलावर बसले, बहिणीनंच शिकवलं त्याले. त्यावर एका काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, मग पोट्टी कशी मागे राहिली?

बाबा म्हणाले, "मेहनतीत थोडी कमी पडली."

माझं डोकंच फिरलं. ताट खाली ठेवून मी म्हणाले, "क्लास होता. चौबे कॉलनीत. जुलैपासून, रोज सकाळी, याला एकट्याला."

 आई पदराशी चाळा करत राहिली. मग बाबा हसले, म्हणाले, हिची मस्करीची सवय काही जात नाही. पाहुण्यांना कळेना हसावं की नाही. सगळे भावाकडे बघायला लागले. मीही बघितलं. त्यानं हो म्हणून फक्त मान हलवली असती तरी मला पुरलं असतं.

त्यानं ताटातला एक पेढा उचलला.

"हव," तो म्हणाला, "दीदी ऐसे ही मज़ाक करती है."