सासरे, मी आणि अडकलेला गिअर

माझी गाडी सासऱ्यांना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. सेकंडहँड होती म्हणून नव्हे, ऑटोमॅटिक होती म्हणून. "गिअर आपण टाकायचा नाही, मग आपण करायचं काय? नुसतं बसायचं?" म्हणायचे आणि कुठं जायचं झालं की सरळ बसस्टॉप गाठायचे. मी मात्र मोशीहून कुरुळीला कंपनीत रोज त्याच गाडीनं जात होते.

एका संध्याकाळी कंपनीतून निघाले तर गाडीला कुणी मागून धरून ठेवल्यासारखं झालं. सिग्नलवरून उठताना जड, आणि जरा वेग आला की इंजिन नुसतं ओरडतंय, पुढचा गिअर काही पडत नाही. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला, मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न. कशीबशी घरी पोचले.

गॅरेजवाल्यानं एक चक्कर मारली. म्हणाला, "ताई, गिअरबॉक्सच बदला."

"उघडून तर बघा."

"ऑटोमॅटिक कोण उघडत बसतंय!"

मला ते पटलं नाही. कंपनीत मी वायरिंगच्या तपासणीला आहे. अर्धी दुखणी कुठंतरी एखाद्या तारेच्या टोकाशी असतात, हे रोज बघते. शिफ्टमधल्या मैत्रिणीकडून गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर मागून आणला, गाडीला जोडला. त्यानं सांगितलं, गिअर बदलणाऱ्या एका सोलेनॉइडमधून करंट जात नाहीये.

रविवारी सकाळी गाडी स्टँडवर चढवून मी खाली सरपटले, तोच पेपर घेऊन सासरे आले. "काय करायलीस?"

"सोलेनॉइड बिघडलाय, बाबा. गिअरबॉक्समधला."

"सोलेनॉइड?" पेपरची घडी झाली. बाबांचा जन्म कारखान्यात, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसवर गेलेला. "तारेची गुंडाळी, मधी दांडी. करंट आला की दांडी सरकती आणि तेलाला वाट मिळती. तेच का?"

"तेच."

"मग तसं सांग की! मला वाटलं, कॉम्प्युटर गिअर टाकतो."

"कॉम्प्युटर नुसता करंट सोडतो. गिअर तेलच टाकतं."

बाबा लुंगी खोचून माझ्या शेजारी आडवे झाले.

आधी बाहेरची वायर तपासली. ती धडधाकट होती. मग बाहेरच्या कनेक्टरवरच मीटर लावून एकेका सोलेनॉइडची गुंडाळी पाहिली. सगळ्यांचा आकडा जवळपास सारखा, एकावर मात्र मीटर हलेचना. गुंडाळी आतून तुटली होती. आता गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन सोडायचा होता. पुन्हा बसवता नाही आलं तर? बाबांनी तोवर पाना हातात घेतलासुद्धा. तेलाची धार बादलीऐवजी त्यांच्या बनियनवर आली. गॅलरीतून सासूबाई ओरडल्या, "ते बनियन आता तिथंच ठेवून या!"

बाबांचं लक्ष नव्हतं. बोटांवर तेल चोळून ते वास घेत होते. "जळालेलं नाही. जीव हाय हिच्यात."

पिंपरीतून नवा सोलेनॉइड आणला, बसवला. तेल गळू नये म्हणून नवं गॅस्केट लावून मी पॅनचे बोल्ट आवळायला लागले तर हातावर चापट बसली. "ॲल्युमिनियम हाय, जोर दाखवू नको. समोरासमोरचे आवळ, थोडे थोडे." नवं तेल भरलं, इंजिन चालू ठेवून त्याची पातळी पाहिली, स्कॅनरनं जुनी तक्रार पुसली.

मी गाडी रस्त्यावर काढली. बाबा न बोलावता शेजारी बसले. पहिला, दुसरा, तिसरा... गिअर असे अलगद पडत गेले की मी एकटीच हसत होते.

"थांब. मला दे."

बाबा स्टिअरिंगवर बसले. थोडं पुढं गेल्यावर सवयीनं डाव्या पायानं क्लच दाबला. क्लच कुठला? तो ब्रेक! गाडी जागच्या जागी थबकली, माझा चष्मा मांडीवर. मागचा दुचाकीवाला कसाबसा वाचला. "काय राव, काका!" म्हणत निघून गेला.

बाबांनी डावा पाय उचलून सीटखाली दाबून ठेवला. "हा आता हलायचा नाही," म्हणाले, आणि कुठं जायचं ते मला न विचारता गाडी सांगवीकडे, लेकीच्या घरी वळवली. तिथं पोहे होईपर्यंत त्यांनी नणंदेला सोलेनॉइड समजावून सांगितला, चमचा ग्लासात वर-खाली करून.