मग सांगते

डॉक्टर माझं पोट दाबत होता आणि बोलत होता माझ्या जावेशी. तोंडावर मास्क. मी जन्मापासून बहिरी. माणसाचे ओठ बघून निम्मंअर्धं समजून घेते. त्यानं तेवढंही ठेवलं नव्हतं. जाव मान डोलवत होती. मध्येच दोघं हसली. माझं पोट उघडं, आणि हसू त्यांना. शी!

मी जावेला खुणेनं विचारलं, काय म्हणतात? तिनं माझा गाल थोपटला, कुत्र्याला थोपटतात तसा. हात पुढं झटकला. मग सांगते.

ही खूण मला लहानपणापासून पाठ आहे. पोलादपूरला आमच्या घरी जेवताना सगळे बोलायचे, हसायचे. मी विचारलं की हीच खूण. आजा गेला तेव्हाही हीच. मग कुणी काही सांगितलं नाही.

महाडच्या त्या दवाखान्यात मला खाटेवर झोपवलं. शेजारी उभी राहून जाव फोनवर सासूशी बोलत होती. तिला मास्क नव्हता, आणि तिचे ओठ मी रोज वाचते.

"पिशवीच काढतायत. बरंच हाय. मुकीला पोरं मुकीच व्हायची."

माझी गर्भपिशवी. मी तर पोटातली गाठ दाखवायला आले होते. मला अजून मूल नाही. नवरा माझ्यासारखाच बहिरा, कामाला मुंबईत. आम्ही पोरीचं नावसुद्धा ठरवून बसलोय. आणि या बाईनं नुसती मान डोलवून माझा निकाल लावला होता.

नर्स सलाईनची सुई घेऊन आली. माझा उजवा हात धरला. हात बांधला की मी बोलणार कशानं? मी तो हिसकावून घेतला. ती रागावली. रागावू दे.

मुंबईला एक ताई आहेत. खुणांची भाषा रीतसर शिकलेल्या दुभाषी, हेच त्यांचं काम. त्यांना व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर वैतागत आला. तो बोलला ते आणि स्वतः बोलल्या तेही, ताई सगळं मला हातांनी दाखवत होत्या.

"तिला सांगा, घाबरू नको म्हणावं."

"डॉक्टर, त्यांच्याकडं बघून बोला. पेशंट त्या आहेत."

त्यानं मास्क खाली केला. तेव्हा कुठं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी विचारलं, पिशवी काढायलाच हवी का?

"नाही. नुसती गाठही काढता येते. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, तुम्हाला मूल नकोय."

त्या म्हणाल्या. आणि एवढ्यावर हा माणूस माझं पोट कापायला निघाला होता. समोर मी जिवंत बसलेली, मला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. माफी त्यानं मागितली. मला त्याची किळसच आली.

मी चपला घातल्या. गाठ काढीन, पण दुसरीकडं, ताई समोर असताना.

दारात जाव आडवी आली. बोटं नाचवून विचारायला लागली, काय ठरलं? मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि तिच्या बाजूनं निघून आले.

आता माझ्या शरीराचं काय होणार ते पहिलं मला कळलं पाहिजे, माझ्या भाषेत. तोवर कुणाची सुई मी अंगाला लागू देणार नाही.