चंद्र नसलेली चतुर्थी

संकष्टीच्या दिवशी आमच्या बीडच्या घरात चंद्र बघायचं खातं माझ्याकडं होतं. बायको दिवसभर उपाशी, आणि तिच्या पुण्यात आपला वाटा असावा म्हणून मीही उपाशी. पण पुण्यापेक्षा माझी भूक मोठी. गच्चीवर जायचं, शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीकडं बघत जरा वेळ काढायचा आणि ओरडायचं, "दिसला गं!"

खालून आवाज यायचा, "नीट बघितला का हो?"

"बघितला की! आता ढगाआड गेला."

भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना मी ढग आणलेत. ती अंगणातूनच आभाळाला हात जोडायची, पाणी सोडायची आणि पानं वाढायला घ्यायची.

ती गेली त्या आठवड्यात चतुर्थी होती. दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणाली, "उद्याच्या उपासाचं कसं करायचं?" मी म्हणालो, "मी धरतो. तू निवांत पड." तेव्हापासून तिचा उपास मी धरतो, आणि आता चंद्र खरोखर दिसेपर्यंत थांबतो. खोटं बोलायचं तर ऐकायला खाली कोण हाय?

पोरगा अलास्कात नोकरीला आहे. "इकडं या, मन रमेल," म्हणून त्यानं बोलावून घेतलं आणि मन रमवायला त्यालाच सुट्टी मिळेना. मग त्यानं मला एकट्यालाच आर्क्टिक समुद्राच्या काठावरचं एक पार्क बघायला धाडलं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या खुणा तिथं शिल्लक आहेत म्हणे. पार्क म्हटल्यावर मी कारंजं, बाकडी, गेलाबाजार तिकिटाची खिडकी तरी धरून चाललो होतो. बुटांना पॉलिश केलं. छोट्याशा विमानानं गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरवलं आणि पहिल्या शंभर पावलांतच ते पॉलिश घोट्यापर्यंत शेवाळात बुडालं. झाड नाही, भिंत नाही, रस्ता नाही. इतकी मोकळी जागा की खाकरलो तरी आपलाच आवाज परका वाटावा.

सोबतीला वाट दाखवणारी बाई होती. त्या किनाऱ्यावरच्या मूळच्या लोकांपैकी, पन्नाशीची, अस्वलाच्या भीतीनं खांद्याला बंदूक अडकवलेली. मी तिला ताई म्हणायला लागलो. तिनं हरकत घेतली नाही. माझं इंग्रजी तिनं सोसलं, त्यापुढं हे काहीच नव्हतं.

किनाऱ्याला समांतर गोट्यांचे लांबच लांब बांध होते, एकामागं एक. यातला प्रत्येक बांध कधीतरी समुद्राचा काठ होता, ताई सांगत होती. काठ पुढं सरकला तशी माणसंही सरकली. उन्हाळ्यात आमच्या बीडजवळच्या पालीच्या धरणाचं पाणी उतरत जातं आणि काठावर रेघा उमटतात, तसंच ते दिसत होतं. फरक इतकाच की इथं आत चालत जावं तशी घरं जुनी होत जात होती.

घरं मला कुठं दिसत होती? मला दिसले गवत माजलेले चौकोनी खड्डे. मी जाणकारासारखं विचारलं, "शेततळी छान आहेत. अनुदान मिळतं का?" आणि एक पाय आत टाकला.

"बाहेर!" ताई ओरडली. "कुणाची तरी चूल आहे तिथं."

आमच्या स्वयंपाकघरात चप्पल घालून शिरल्यावर बायको ओरडली की काढायचो, तसा मी पाय काढून घेतला. पण मन तिथून निघेना. घरातली चूल विझल्यावर कसं वाटतं, ते मला अलीकडंच कळलं होतं.

दुपारी न्यायला येणारं विमान धुक्यामुळं आलंच नाही. ताईनं अस्वलाला उघडत नाही अशी डब्यांची पेटी उघडली आणि वाळवलेला मासा पुढं केला. मी म्हणालो, "नको. आज उपास. चंद्र दिसला की माझी भाकरी खाईन."

तिनं आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चंद्र? या दिवसांत इथं सूर्य मावळत नाही. आणि या आठवड्यात चंद्र पलीकडच्या डोंगरांच्या वर येत नाही."

"मग कधी येतो?"

"पुढच्या आठवड्यात बघा."

बायकोसाठी धरलेला उपास, आणि मी नेमका चंद्राला सुट्टी असलेल्या मुलखात येऊन बसलो होतो. शाल गुंडाळून त्या खड्ड्याच्या काठाशी बसून राहिलो. घड्याळात संध्याकाळ झाली, उजेड तसाच. बोटं बधिर झाली. 'चंद्रच नसला तर काय करायचं असतं गं?' एवढंच विचारायचं होतं. फोनला रेंज नव्हती. असती तरी फिरवायला नंबर नव्हता.

ताई पुन्हा आली. "उपाशी माणूस लवकर गारठतो. मला तुम्हाला जिवंत परत न्यायचंय."

मी नाही म्हणून मान हलवली. ती पुटपुटत बांधावर जाऊन पाठमोरी उभी राहिली. आणि एकदम ओरडली, "तो बघा! चंद्र!"

मी धडपडत, दोनदा घसरून वर पोचलो. "कुठंय?"

समोर नुसतं धुकं.

"आता ढगाआड गेला," तिनं पापणीही न हलवता सांगितलं आणि माझा डबा माझ्या हातात ठेवला.

माझीच थाप, माझ्याच सुरात, जगाच्या त्या टोकाला. धुक्याला हात जोडले, बाटलीतलं पाणी सोडलं आणि बसलो. भाकरीचा दगड झाला होता. गुडघ्यावर मोडून अर्धी ताईला दिली.

पहिला घास चावता चावता आमच्या गच्चीचा जिना आठवला. लहानसाच आहे. कुरडया-पापड वाळत घालायला ती दिवसातून कितीदा तरी वर यायची. चंद्र बघायला मात्र कधी आली नाही. माझी भूक तिला खालूनच दिसायची.