मर रोगाचा प्लॉट

नवे संचालक येणार म्हटल्यावर आमच्या कृषी संशोधन केंद्रात सगळ्यात आधी चुना आला. दगडांना, झाडांच्या बुंध्यांना, हौदाला, जे जे हलत नव्हतं त्या सगळ्याला चुना लागला. खरं तर संचालकांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की सत्कार नको, सजावट नको. ते प्रत्येक केंद्रावर स्वतः येणार होते आणि प्रत्येकाला पाच मिनिटं एकट्याला भेटून अडचण ऐकणार होते. ते पत्र मी चार वेळा वाचलं आणि बदलीचा अर्ज पाचव्यांदा लिहायला घेतला.

नांदुऱ्याजवळच्या त्या केंद्रात मला सात वर्षं झाली होती. नवऱ्याचं औषधांचं दुकान अमरावतीला. ते काही उचलून आणता येत नाही. लेक त्याच्याकडे, सासूबाईंच्या धाकात. शनिवारी गाडी पकडून अमरावतीजवळ बडनेऱ्याला उतरायचं, रविवारी संध्याकाळी परत. मी इथं आले तेव्हा ती बालवाडीत होती, आता तिच्या चपला मला होतात. अमरावतीत एक जागा रिकामी होती आणि सही संचालकांची लागणार होती. लेकीनं तर तिच्या कपाटातला एक खण माझ्या साड्यांसाठी रिकामाही करून ठेवला होता.

नवऱ्यानं फोनवर बजावलं होतं की हुशारी दाखवू नको, कामाचा माणूस दिसला की त्याला कोणी सोडत नाही. मला पटलं. बोलायला आमचे प्रभारी साहेब होतेच.

माझ्याकडे तुरीचा मर रोग होता. म्हणजे एक शेत आम्ही मुद्दाम रोगट ठेवलं होतं. त्या मातीत रोगाची बुरशी जपायची, आणि तिच्यात नवनवे वाण पेरून कोण तगतं ते बघायचं. मधूनमधून एक ओळ हमखास मरणाऱ्या जुन्या वाणाची, बुरशीची उपासमार होऊ नये म्हणून. पिकं जगावीत म्हणून सरकार मला पगार देत होतं आणि मी दर जूनमध्ये मरणारी ओळ पेरत होते. याचं हसू यायचे दिवस कधीच संपले होते.

प्रभारी साहेब फळबागवाले, चार्ज घेऊन जेमतेम दोन महिने झालेले. त्यांनी पाहुण्यांचा रस्ता असा आखला होता की हा प्लॉट गोदामाच्या आड राहावा. पण संचालक फाटकाशी गाडीतून उतरले, चुन्याच्या दगडांकडे न बघता उलट्या बाजूनं चालत सुटले आणि नेमके वाळलेल्या तुरीसमोर येऊन उभे राहिले. प्रभारी साहेबांचा चेहरा पडला. मजुरांची हयगय झाली म्हणाले. हे मोडून संत्रा लावतोय म्हणाले. संचालक अवजारांच्या विभागातून आलेले. त्यांनी मान हलवली आणि मोडा म्हणाले.

मी जमिनीकडे बघत होते. अर्ज पर्समध्ये होता. फक्त गप्प राहायचं होतं. पण त्या मेलेल्या ओळींमध्ये दोन ओळी हिरव्यागार, फुलांवर उभ्या होत्या, सलग तिसऱ्या वर्षी. संत्र्यासाठी माती तयार केली, तिच्यात औषधं ओतली, की माझ्या आधीपासून कोणाकोणाची जपलेली ती माती गेली. मी पुढे झाले, एक वाळलेलं झाड उपटलं, खोड चिरून आतली काळी रेघ दाखवली आणि बोलत सुटले. संचालक बांधावर उकिडवे बसून ऐकत राहिले. भला माणूस होता, हेच तर वाईट झालं.

"तुमच्यामागे हे कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न कुठे जातो ते मला कळत होतं. कोणीही बघेल साहेब, एवढं खोटं बोलता आलं असतं.

"कोणी नाही," मी म्हणाले, आणि तेही अभिमानानं. त्या अभिमानाचा मला अजून राग येतो.

ते पुढे गेल्यावर शेतावरची जुनी मजूर मावशी खुरपं हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. तिला अर्जाचं ठाऊक होतं. "काऊन बोलल्या म्याडम तुम्ही?" ती म्हणाली. "वायलेलीच तूर होती ना ते."

पाच मिनिटांच्या भेटीत संचालकांनी अर्ज शांतपणे वाचला, लेक कितवीत आहे ते विचारलं. मग हिरव्या शाईनं समासात लिहिलं : पर्यायी कर्मचारी उपलब्ध झाल्यावर विचार व्हावा. पर्यायी माणूस नाही, हे मीच त्यांना सांगून बसले होते. प्लॉट मोडला जाणार नाही, निश्चिंत राहा, असं ते बक्षीस दिल्यासारखं म्हणाले. मी आभार मानले.

संध्याकाळी फोन केला तर नवऱ्यानं माझा आवाज ऐकूनच विचारलं, बोललीस ना? मग लेकीनं फोन घेतला. साहेबांनी माझं खूप कौतुक केलं, मी तिला सांगितलं.

"मंग त्या खणात मी माह्यी पुस्तकं ठेवू काय?"

ठेव म्हटलं.